टेकडीवर आई का येत नाही

यंदा १ मे शुक्रवारी आला आणि आम्हाला सलग तीन दिवस मिळाले. आम्ही राहतो त्या स्वीडनमध्येही त्या दिवशी कामगार दिनाची सुट्टी असते. आदल्या संध्याकाळी वाल्बोर्गची शेकोटी असते. थंडी सरली म्हणून गावोगाव लाकडांचे मोठाले ढीग पेटवतात आणि लोक भोवती उभे राहून वसंताची गाणी म्हणतात. आपल्या होळीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. शुक्रवारी सकाळी मुलांच्या केसांना अजून धुराचा वास येत होता. मी चहा टाकला, फोन उघडला, तर शाळेच्या ग्रुपवर महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा मागे पडून भांडण जुंपलं होतं.

विषय पुण्यातल्या वेताळ टेकडीचा. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगावरून रस्ता काढायचा की नाही, हे आम्ही शाळेत होतो तेव्हापासून ऐकतो आहोत. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध पुणेकरांचा मोठा मोर्चा निघाला, तेव्हा ग्रुपमधले पाचसहा जण त्यात चालले होते. परवा एकाने लिहिलं, की कोथरूडहून पलीकडे जायला रोज पाऊण तास जातो, तेव्हा मोर पाहायची हौस असलेल्यांनी आमचाही विचार करावा. दुसऱ्याचं म्हणणं, आपल्या लोकांना शिस्तच नाही, टेकडीवर बाटल्या फोडतात, तेव्हा सरळ फाटक लावून टाका. तिसरा म्हणाला, टेकडी राहिली काय नि गेली काय, हल्लीच्या आया मुलांच्या हातात मोबाईल देऊन मोकळ्या होतात, वर जातंय कोण? आणि मग माझं नाव घेऊन विचारलं, ‘तू सांग, तिकडे कसं असतं?’

तिसऱ्याचं वाक्य मला लागलं. उत्तर द्यायला मी रविवार रात्रीपर्यंतचा वेळ घेतला, कारण शनिवार-रविवार आम्ही बाहेरच होतो. बाहेर असताना डोक्यात तेच चालू होतं. जे सुचलं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

शनिवारी आम्ही तीरेस्ताला गेलो. स्टॉकहोमच्या मध्यापासून साधारण वीस किलोमीटरवरचं हे राष्ट्रीय उद्यान. आम्ही दक्षिणेकडच्या उपनगरात राहतो, त्यामुळे एक बस बदलून थेट जंगलाच्या तोंडाशी उतरता येतं. आमच्याकडे गाडी नाही, आणि या एका गोष्टीसाठी घ्यावी असं कधी वाटलं नाही. बसमध्ये आमच्यासारखीच चारपाच कुटुंबं, दोन आजीबाई हातात चालायच्या काठ्या घेऊन, आणि एक बाबागाडी.

हे जंगल १९९३ साली राष्ट्रीय उद्यान झालं. आत चारशे वर्षांचे पाइन वृक्ष आहेत. खडकावर उभे, साल जाड आणि भेगाळलेली, आपल्याकडच्या जुन्या चिंचेच्या खोडासारखी. १९९९ च्या ऑगस्टमध्ये इथे मोठा वणवा लागला, साडेचारशे हेक्टर जळालं. तो भाग अजून ओळखू येतो. काळी पडलेली खोडं आडवी पडली आहेत आणि त्यांच्या मधून बर्चची कोवळी झाडं वर आली आहेत. बर्चला नुकती पालवी फुटत होती. या अवस्थेतल्या पानांना स्वीडिश लोक उंदराचे कान म्हणतात, आणि जवळून पाहिलं की अगदी तशीच दिसतात, बोटाच्या पेरापेक्षा लहान, मऊ, कडेला बारीक दाते.

धाकटा पाच वर्षांचा आहे. एका डबक्यापाशी तो पोटावर पालथा पडला आणि अर्धा तास उठला नाही. पाण्यात बेडकाची अंडी होती. साबुदाण्याची खीर गार झाल्यावर जशी थलथलते तसा तो गोळा, आणि प्रत्येक दाण्यात एकेक काळा ठिपका. त्यातले काही ठिपके किंचित लांबट झाले होते. तो श्वास रोखून म्हणाला, ‘आई, याला शेपूट येतंय.’ मी त्याच्याशेजारी झोपले. ओल माझ्या जर्किनमधून आत आली, कोपर भिजलं, पण उठावंसं वाटेना. माझ्या लहानपणी अशी आई माझ्याशेजारी कधी पालथी पडली होती का, असा विचार मनात आला आणि पुढचे दोन दिवस तो गेला नाही.

थोरली नऊ वर्षांची. वाटेच्या कडेला झाडांखाली पांढऱ्या फुलांचा सडा पडल्यासारखा पसरला होता. व्हितसिप्पा म्हणतात त्या फुलांना. धाकट्याने हात पुढे केला तशी ती म्हणाली, ‘इथे तोडायची नाहीत. आपल्या घरामागच्या रानात चालतात, हे राष्ट्रीय उद्यान आहे.’ हा फरक मला ठाऊक नव्हता. तिला शाळेत शिकवला आहे.

स्वीडनमध्ये आलेमान्सरेट्टेन नावाची गोष्ट आहे. प्रत्येकाचा हक्क असा त्याचा अर्थ. जमीन कोणाच्याही मालकीची असो, तुम्ही तिच्यावरून चालू शकता, तळ्यात पोहू शकता, एखादी रात्र तंबू टाकू शकता, रानातली बोरं आणि अळंबी वेचू शकता. लोकांच्या घराच्या अंगणात शिरायचं नाही, उभ्या पिकातून जायचं नाही, झाड मोडायचं नाही, वाळल्या हंगामात विस्तव पेटवायचा नाही. सगळ्याचं सार एका ओळीत सांगतात, त्रास देऊ नका आणि नासधूस करू नका. मूळची ही रूढी. १९९४ पासून राज्यघटनेत तिचा उल्लेख आहे, पण सगळे नियम एकत्र लिहिलेलं असं एकच कायद्याचं पुस्तक नाही. राष्ट्रीय उद्यानात मात्र हा हक्क आखडतो. तिथे फुलं नाहीत, कुत्रा मोकळा नाही, विस्तव ठरवलेल्या जागीच. म्हणजे मोकळीक आणि मनाई दोन्ही आहेत, आणि कुठे काय हे नऊ वर्षांच्या मुलीला ठाऊक असतं.

ग्रुपवरच्या शिस्तीच्या मुद्द्याला माझं पहिलं उत्तर इथून येतं. आपल्याकडे शिस्त ही रक्तात असते किंवा नसते अशा थाटात बोलतात. मी इथे बारा वर्षं पाहते आहे, ती शिकवतात, आणि रानात नेऊन शिकवतात. इथल्या बालवाडीत मुलं रोज बाहेर असतात, पाऊस असो की बर्फ. दाराशी रबरी विजारी ओळीने टांगलेल्या असतात. १९८५ पासून तर अशा बालवाड्या निघाल्या आहेत ज्यांचा बहुतेक दिवस जंगलातच जातो. ज्या मुलाने डबक्यात शेपूट फुटताना पाहिलं, त्याला त्या डबक्यात बाटली फेकू नको हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि ज्या पोराला टेकडीवर पाऊलच ठेवू दिलं नाही, ते विशीत चोरून वर जाणार, रात्री जाणार, आणि टेकडीशी त्याचं नातं तेवढंच असणार.

आपल्याकडचा पहिला विचार नेहमी फाटकाचा. बागा दुपारी बंद, नेमक्या सुट्टीतल्या मुलांच्या वेळेला. पावसाळा आला की धबधब्यांवर बंदी, किल्ल्यांवर बंदी. भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. ती चित्रफीत मी पाहिली आणि रात्रभर झोपू शकले नाही. त्यानंतर बंदीचे आदेश निघाले, आणि त्या आठवड्यात कोणी बंदी घातली म्हणून मी त्याला दोष देणार नाही. पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या वाटेवर काय उभं राहिलं, हा प्रश्न विचारायला हवा. पाणी कुठवर चढतं याची खूण, धरायला साखळी, शनिवार-रविवारी उभी राहणारी चार प्रशिक्षित गावकरी मुलं. हे नसेल तर पुन्हा आदेश, पुन्हा गर्दी, पुन्हा तेच.

इथे मला माझ्याच बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. स्वीडनची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर आणि क्षेत्रफळ साडेचार लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख आठ हजार, आणि २०११ च्या जनगणनेतच माणसं सव्वाअकरा कोटी. प्रत्येकाचा हक्क जसाच्या तसा तिकडे नेला तर एका पावसाळ्यात लोहगडाची माती होईल, हे मला कळतं. शिवाय आपला डोंगर रिकामा नाही. तिथे धनगरवाडे आहेत, महादेव कोळ्यांची गावं आहेत, देवराया आहेत. शहरातल्या माणसाने कुठूनही कसंही चालावं असा हक्क तिथे मागणं बरोबर नाही. आणि इथलं सगळं जंगल तीरेस्तासारखं आहे असंही कोणी समजू नये. स्वीडनचं बरंचसं जंगल हे लाकडासाठी लावलेलं आणि एकदम सपाट कापलं जाणारं जंगल आहे. तशी कापलेली टेकडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी घरी येऊन रडले होते. त्यावरूनही इथे वाद पेटलेले असतात.

रस्त्यांवरून तर विचारूच नका. स्टॉकहोमला वळसा घालणारा एक महामार्ग २०१४ पासून बांधत आहेत. २१ किलोमीटरपैकी १८ किलोमीटर बोगद्यातून. पर्यावरणवाल्यांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. वाहतूक वाढेल, पैसा रेल्वेवर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी काम सुरू झालं. पण वरचं जंगल आणि राजवाड्याचा परिसर राखायचा तर रस्त्याने खाली जायचं, एवढं मात्र त्या भांडणात ठरलं. पुण्यातही टेकडीखालून बोगद्यांचे प्रस्ताव आहेत, आणि टेकडीच्या पोटातलं पाणी त्याने तुटेल अशी विरोधकांची भीती आहे. त्यात तज्ज्ञ काय ते सांगतील. मला सांगावंसं वाटतं ते वेगळ्याच जागेबद्दल.

१९९५ साली स्वीडनच्या संसदेने स्टॉकहोमच्या पोटातला सुमारे २७ चौरस किलोमीटरचा पट्टा, त्यातली तळी, ओकची झाडं, जुने बागबगीचे, कायद्याने राष्ट्रीय शहरी उद्यान म्हणून राखून ठेवला. असं हे जगातलं पहिलंच उद्यान म्हणतात. त्यामागे नागरिकांच्या संघटना होत्या, कारण एकेक इमारत, एकेक रस्ता असं करत तो पट्टा कुरतडला जात होता. आता तिथे काही बांधायचं तर निसर्गाची आणि जुन्या वारशाची हानी होत नाही हे आधी दाखवावं लागतं. वाद तरीही होतात. पण वादाची सुरुवात ‘हे राहणार’ इथून होते. आपल्याकडे पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या तेवीस गावांमधल्या डोंगरउतारांची ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखली, आणि त्या दिवसापासून तिच्यावर बांधकामाला किती टक्के परवानगी द्यायची याचीच चर्चा चालू आहे. जमीनमालकांना मोबदला वेळेवर मिळत नाही, त्यांचा राग मी समजू शकते. पण दर पाच वर्षांनी टेकडीला पुन्हा पहिल्यापासून स्वतःची बाजू मांडावी लागते, हे काही बरोबर नाही. वेताळ टेकडीवर रस्ता होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रोज पाऊण तास अडकणाऱ्या माझ्या मित्राचा त्रास खरा आहे. त्याला वेळेवर येणारी, बसायला जागा असलेली बस मिळायला हवी, आणि तो भांडला तर त्या भांडणात मी त्याच्या बाजूने आहे.

आता मोबाईलचं आणि आयांचं.

शनिवारची आमची पाठीवरची पिशवी नवऱ्याने भरली. थर्मासमध्ये चहा, तिखटमिठाच्या पुऱ्या (त्या मी रात्री तळल्या होत्या), मुलांचे जादा मोजे, एक जादा विजार, जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्या, ओले रुमाल, बसायला घडीच्या चटया. एकही वस्तू मी सांगितली नाही. तो जन्मतः असा नव्हता. इचलकरंजीच्या घरात त्याला पाण्याचा पेला हातात मिळायचा. धाकटा झाला तेव्हा त्याने सात महिने रजा घेतली आणि मी कामावर गेले. इथे आईवडिलांना मिळून प्रत्येक मुलामागे ४८० दिवसांची रजा मिळते, आणि त्यातले ९० दिवस प्रत्येकाच्या नावावर राखीव असतात, दुसऱ्याला देता येत नाहीत. त्या सात महिन्यांत एकदा तो जादा विजार न घेता बाहेर पडला आणि भिजलेलं, थंडीने रडणारं पोर घेऊन घरी आला. तेव्हापासून पिशवीत जादा विजार असते. त्याला कोणी व्याख्यान दिलं नाही. ते काम त्याच्या अंगावर पडलं आणि तो शिकला.

पिशवी दुसऱ्याने भरली, म्हणून मी डबक्याशेजारी अर्धा तास पालथी पडू शकले. माझ्या मैत्रिणींचा शनिवार मला माहीत आहे. कामाचा शनिवार नसेल तर आठवड्याचा भाजीपाला, सासूबाईंचा डॉक्टर, मुलाचा क्लास, आणि रविवारी सगळ्यांना आवडतं म्हणून काहीतरी खास. यातून उरलेल्या तासात ती मुलाला मोबाईल देते आणि पाठ टेकते. तिला नावं ठेवणाऱ्याने आधी सांगावं, की गेल्या महिन्यात त्याने स्वतः किती वेळा मुलाला टेकडीवर नेलं, आणि नेलं तेव्हा बायको कुठे होती.

कारण मला आठवतं, आमच्या वेळी ती कुठे असायची. रविवारी पहाटे बाबा मला आणि भावाला वेताळ टेकडीवर न्यायचे. चतुःशृंगीच्या बाजूने चढायचो, खाणीपाशी थांबायचो, पाणी पाहायचो, मोर ओरडला की बाबा तोंडावर बोट ठेवायचे. फेब्रुवारीच्या शेवटी एक पळस लालभडक व्हायचा, तो आमचा ठरलेला. उतरून घरी आलो की जिना चढतानाच फोडणीचा वास यायचा. आईचे पोहे तयार असायचे. माझ्या बालपणातल्या सगळ्यात सुंदर आठवणी त्या टेकडीवरच्या आहेत आणि त्यातल्या एकाही आठवणीत आई नाही. हे मला चाळिशीत, स्वीडनमधल्या एका डबक्याकाठी लक्षात आलं.

शनिवारी तिथून परत फिरताना आणखी एक गोष्ट पाहिली. खरं तर बारा वर्षं पाहतेच आहे, पण या वेळी थांबून पाहिली. वाटेवर, झाडांत, एक लाकडी खोपटं असतं. आत कोरडा संडास. पाणी नाही, दिवा नाही, पण कडी लागते, कागद असतो आणि झाकण असतं. आमच्या पुढे त्या बसमधल्या दोन आजीबाई रांगेत उभ्या होत्या. एक सत्तरीची, एक त्याहून मोठी. आळीपाळीने एकमेकींच्या काठ्या धरल्या, आत जाऊन आल्या, आणि पुढच्या वाटेला लागल्या. कुठेही त्याची चर्चा नाही.

रविवारी सायकली काढल्या. घराजवळच्या तळ्याला वळसा, मग रान, मग तळ्याकाठचा आडोसा. तिथे दगडांच्या चुलीवर सॉसेज भाजायला बरेच लोक जमले होते. आधी पालिकेच्या पानावर विस्तवाला मनाई नाही ना हे पाहिलं, कारण वसंतात गेल्या वर्षीचं वाळकं गवत भडकायला वेळ लागत नाही. ऊन होतं. डिसेंबरात जेमतेम सहा तास उजेड मिळतो, त्यामुळे आता नऊपर्यंत उजेड राहतो म्हटल्यावर लोक भिंतींना पाठ लावून, डोळे मिटून, नुसते उन्हाकडे तोंड करून उभे राहतात. पहिल्या वर्षी मला ते पाहून काही कळलं नव्हतं. पहिला हिवाळा काढल्यावर मीही तशीच उभी राहिले.

आणि तरी त्या आडोशाला मला करमत नाही. दोन तास आम्ही दहाबारा माणसं एका चुलीभोवती होतो आणि ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ यापलीकडे कोणी कोणाशी बोललं नाही. आपल्या टेकडीवर हे शक्य नाही. तिथे रोज भेटणाऱ्या काकांना तुमच्या भावाच्या लग्नाचं ठरलं की नाही हे माहीत असतं. सिंहगडावर चढून धापा टाकत बसलात की दह्याची मडकी घेऊन बसलेली मावशी आधी ‘बस बाई जरा’ म्हणते, दही मग विचारते. माझ्या मुलांना रान मिळालं, पण रानात भेटणारी माणसं मिळाली नाहीत. डिसेंबरात पुण्याला जातो तेव्हा धाकटा टेकडीवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलतो आणि खाली उतरायला तयार नसतो. हे इथे कोणी कायद्याने देऊ शकत नाही. आपल्याकडे ते आहे, आणि टेकडी गेली तर तेही जाईल.

रविवारी संध्याकाळी घरी आलो की आमचा एक नेम असतो. मुलांना आंघोळीआधी दिव्याखाली उभं करायचं आणि गोचीड शोधायचे. इथल्या गोचिडांपासून मेंदूज्वर होतो, त्याची लस आम्ही सगळ्यांनी घेतली आहे, पण बोरेलिया नावाचा दुसरा आजार होतो त्याला ती चालत नाही. म्हणून गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला बोट फिरवत जायचं. बारीक तिळाएवढा असतो तो. थोरलीच्या गुडघ्यामागे एक सापडला, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढला. फोन टेबलावर स्पीकरवर होता आणि आई पुण्याहून बोलत होती.

मी तिला डबक्याचं सांगितलं, आजीबाईंचं सांगितलं. मग म्हणाले, ‘आई, तुझे गुडघे बरे असते तर तुलाही इथे आणलं असतं. टेकडीवर जायला लागली होतीस ना निवृत्त झाल्यावर, किती छान होतं ते.’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘गुडघ्यांना काय झालंय? ते चालतात.’

‘मग सोडलंस का?’

‘अगं, रक्तदाबाची गोळी सुरू झाली ना. तासाभरात जावं लागतं. टेकडीवर कुठे जाणार? पुरुषांचं काय, झाडामागे उभे राहतात. मी आधी सकाळी पाणीच पीत नव्हते. मग एक दिवस चक्कर आली, तेव्हा सोडलं.’

चार वर्षं ती सगळ्यांना गुडघे सांगत होती. मलाही. माझ्या हातात चिमटा तसाच होता. थोरली म्हणाली, ‘आई, झालं का?’

मी आईला विचारलं, ‘हे मी ग्रुपवर लिहू? आणि एका लेखात?’

‘लिही की. या वयात कसली लाज.’

रात्री मी ग्रुपवर तेवढंच लिहिलं. रस्त्याबद्दल माझं मत लिहिलं, बसबद्दल लिहिलं, आणि आई टेकडीवर का जात नाही ते लिहिलं. रस्ता हवा म्हणणाऱ्याने काही उत्तर दिलं नाही. वीस मिनिटांनी एका मैत्रिणीचा निरोप आला, ‘माझ्या आईनेही म्हणूनच सोडलं असणार, मी कधी विचारलं नाही.’ दुसरीने लिहिलं, ‘आईचं काय, मी स्वतः मुलाला घेऊन जात नाही ती त्याच कारणाने. पाळीच्या दिवसांत तर प्रश्नच नाही.’ मग तिसरी. मी झोपले तोवर सात जणी झाल्या होत्या. सातही जणी त्या ग्रुपमध्ये एरवी फक्त वाढदिवसाला बोलतात.

सोमवारी सकाळी फाटकवाल्या मित्राने लिहिलं, की महापालिकेला आणि वन विभागाला पत्र देऊ, मसुदा तो करतो, पायथ्याशी प्रत्येक वाटेला एक स्वच्छतागृह आणि ते राखायला पगारी माणूस. काही राहिलं असेल तर सांगा म्हणाला. मी मसुदा आईला वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला आणि तीन गोष्टी घालायला सांगितल्या. पहाटे साडेपाचला उघडं हवं, सातला उघडून उपयोग नाही. आत पिशवी अडकवायला खुंटी हवी. आणि कडी आतून नीट लागायला हवी, तसं स्पष्ट लिही म्हणाली.